कोटीच्या नोटा पाहिलेला माणूस

मलकापुरात खरी थंडी पडते ती दहा-पंधरा दिवसांची. पण दिवाळी आटोपली की तुळशीराम इंगळे आपला कोट बाहेर काढत आणि होळीपर्यंत तो त्यांच्या अंगावरून उतरत नसे. साधासुधा कोट नव्हे. पोटरीपर्यंत येणारा, जाड काळ्या लोकरीचा, रुंद कॉलरचा. खाली धोतर, डोक्यावर टोपी आणि मध्ये हा कोट. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगापाशी उभे राहिले की अर्ध्या मैलावरून ओळखू येत. रस्त्यावरची पोरं 'जर्मन आला, जर्मन आला' असं ओरडत आणि ते टोपीला हात लावून त्यांना सलाम करत.

आमच्या भागात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. त्यामुळे त्यांच्या बायकोला, गोदाकाकूंना, बोलायला आयतं मिळायचं. "साऱ्या गावचा जर्मन माह्या घरी, अन् पीठ ठेवाले एक जर्मनचा डबा नाई!"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई आणि मी स्टेशनच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होतो आणि आमची भिंत तुळशीरामभाऊंच्या घराला लागून होती. ते एका जिनात कापसाची पारख करत. गाडी आली की आत हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणायचा, तुटलेला धागा डोळ्यांपुढे धरायचा आणि सांगायचं, "हा मोताळ्याकळचा. ओला करून आणला." शेतकरी ओशाळून हसायचा. भाऊ त्याला ओरडत नसत. "वाळू दे बापा, संध्याकाळी पुन्हा पाहू," म्हणत आणि त्याची गाडी उन्हात उभी करून ठेवत.

हात लावल्याशिवाय त्यांना काही कळतच नसे. माझ्या वहीचा कागद, आईच्या लुगड्याचा पदर, दळणाचं पीठ, सगळं दोन बोटांत धरून पाहायचे. आणि कुणी काही विचारलं की आधी म्हणायचे, "थांबा, पाहू द्या." उत्तर त्यानंतर यायचं, कधी कधी दुसऱ्या दिवशी.

पहिली लढाई संपल्यावर इथला कापूस पुन्हा जर्मनीत जाऊ लागला. तिकडे गठाणी उघडल्या की मालावरून भांडणं व्हायची. म्हणून विकत घेणाऱ्या कंपनीच्या साहेबानं वऱ्हाडी कापूस जाणणारा माणूस हवा म्हणून तुळशीरामभाऊंना ब्रेमेन नावाच्या बंदरात नेलं. वयाच्या तिसाव्या वर्षी, इंग्रजी चार इयत्ता शिकलेला हा माणूस मलकापूरच्या स्टेशनात गाडीत बसला आणि दोन वर्षांनी परत आला. लोकांनी विचारलं, काय पाहिलं? ते म्हणाले, "कोटीच्या नोटा पाह्यल्या." लोक हसले. कोटीची नोट असते का कुठं?

दुसऱ्या लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते हसू थांबलं. जुना चांदीचा रुपया बाजारातून दिसेनासा झाला. सुटे मिळेनात. किराणावाला चिल्लर म्हणून काड्याची पेटी नाहीतर पोस्टाचं तिकीट हातावर ठेवू लागला. ज्वारी, घासलेट, लुगडं, सगळ्याचे भाव चढत गेले. माझा पगार मात्र होता तेवढाच राहिला. एक दिवस ज्वारी घेऊन येताना मी ओट्यावरच आईला म्हटलं, "हे दुकानदार माजलेत नुसते."

पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, "दुकानदाराले काऊन शिव्या देऊन राह्यल्या मास्तरीणबाई?"

"मग कुणाला देऊ?"

"थांबा, पाहू द्या," म्हणत ते उठून आमच्याकडे आले. कोटाच्या खिशातून एक रुपयाची नवी कोरी नोट काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तुमच्या घरी दहा पाहुणे आले, अन् दाळ तिघायचीच आहे. काय करान?"

"वरणात पाणी घालीन."

"हाव. पंगत निपटते. कोणी उपाशी उठत नाई, पण पोट कोणाचंच भरत नाई. सरकारच्या घरी लढाईची पंगत बसली बाई. फौजेले गहू पाह्यजे, कापड पाह्यजे, जोडे पाह्यजे. विलायतचं सरकार म्हणते, तुमचे पैसे आमच्या वहीत जमा करतो, लढाई सरली की पाहू. अन् इथं माल घ्याले नोटा लागतात. त मारा छापून."

"पण सरकारला कर घेता येतो की. कर्ज काढता येतं."

ते हसले. "कर मागतला त लोक कचेरीपुढं जाऊन भांडतात. कर्ज मागतलं त लोक म्हणतात, पाहू, देऊ. नोट छापाले कोणालेच विचारा लागत नाई. तुमच्या पगारातला चौथा हिस्सा सरकारनं नेला, तुमाले पत्ता लागला? तुमी दुकानदाराशी भांडून घरी आल्या."

मी अर्थशास्त्राची पुस्तकं पुढं वाचली. त्या ओट्यावर जे कळलं त्याहून फारसं जास्त त्यांत सापडलं नाही.

माझ्या आईजवळ वडिलांच्या मागं मिळालेले पैसे होते. पोस्टाच्या सर्टिफिकिटात ठेवलेले. मलासुद्धा त्यांना हात लावू द्यायची नाही. तुळशीरामभाऊ एका रविवारी सकाळी आले आणि उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, त्या पैशाची शिवणाची मशीन घ्या. एक चांगली जुनी मशीन विकाऊ आहे."

आई चिडली. "सरकारी कागद आहे तो भाऊ. सरकार बुडतं का?"

"सरकार नाई बुडत."

"मग?"

 भाऊंनी कोट काढला. दिवाळीनंतर त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदा पाहत होते. अंगानं किती बारीक आहेत ते तेव्हा दिसलं. कोट त्यांनी आईच्या खाटेवर ठेवला आणि जमिनीवर बसले.

"हा कोट एका मास्तराचा आहे," ते म्हणाले. "ब्रेमेनले मी त्याच्या घरी भाड्यानं राहत होतो. मास्तर मरून गेलता. त्याची बायको होती, लिंडेबाई. तुमच्याच वयाची. मास्तरानं तीस वर्षं विमा भरला होता. त्या वर्षी पैसे येणार होते. तिथल्या सरकारले लढाईचं देणं होतं, परक्या फौजेच्या विरुद्ध संपावर बसलेल्या कामगारायले पोसाचं होतं, म्हणून नोटा छापल्या. पह्यले हजाराच्या, मंग लाखाच्या. लोकायचा भरोसा गेला. नोट हातात आली का निखारा आल्यावानी, लोक पळत दुकानात. कारखान्यात सकाळी अन् दुपारी, दोनदा पगार. बाया फाटकापाशी उभ्या राहत, नवऱ्याच्या हातातून नोटा घेऊन धावत पाव आणाले. विम्याचे पैसे आले त्या दिवशी लिंडेबाईनं चांगले कपडे घातले. मले म्हणे, चला माझ्यासंगं. गेलो. येतानी बेकरीवाल्यानं त्या साऱ्या पैशाचा पाव दिला नाई. अर्धा दिला."

गोदाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"माहा पगार पौंडात होता. मी तिथं राजा होतो वहिनी. पौंडाचे वीस शिलिंग, अन् चार शिलिंगात महिना निघे. बाई दुसऱ्या दिवशी हा कोट घेऊन आली. म्हणे, घेता का? मी पाच शिलिंग दिले. बाहेरची लोकर पाह्यली, अस्तर पाह्यलं, बटनं पाह्यली. मनात म्हणलं, तुळशीराम, सौदा साधला! तिच्या अंगावर काय आहे ते नाई पाह्यलं. त्या हिवाळ्यात तिच्या खोलीत शेगडी नव्हती. अन् मी तिच्या नवऱ्याच्या कोटात गावभर फिरून राह्यलो होतो."

आई म्हणाली, "मग पुढं काही पाठवलं नाही तिला?"

"इथं आल्यावर पाठवलं. पाकीट वापस आलं."

"मग घालता कशाला हा कोट?"

"टाकून देऊ? कोणाले देऊ? तिचा आहे तो."

आईनं दुसऱ्या दिवशी सर्टिफिकिटं मोडली. मशीन घरात आली. पुढं माझ्या पगारात नुसती ज्वारीही भागेना, तेव्हा आईच्या चोळ्या-परकरांवर आमचं घर चाललं. आईला त्या मशीनचं कौतुक फार होतं, पण भाऊंपुढं ती कधी बोलून दाखवायची नाही. त्यांच्या सदऱ्याची बटणं तेवढी वेळच्या वेळी लावून द्यायची.

एवढं सगळं पाहिलेला माणूस लोकांना घाबरवत फिरेल, असं कुणालाही वाटेल. त्यांनी नेमकं उलटं केलं. एका आठवडी बाजारात बोलवा उठली की नोटा रद्द होणार. भाजीवाल्या बाया नोट घेईनात, चांदी मागू लागल्या. धान्याची पोती झाकली गेली. माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन उभी. मीही त्यांतलीच एक. तेवढ्यात कोट घातलेले तुळशीरामभाऊ गर्दीतून येताना दिसले. दोरीला गोदाकाकूंची दुभती शेळी होती.

"शेळी विकाची आहे," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "चांदी नाई पाह्यजे. नोटाच घेईन."

लोक गोळा झाले. एक म्हातारा म्हणाला, "काऊन बे तुळशीराम, तूच त सांगत होता जर्मनीत नोटायचा चुला पेटवत होते!"

"हाव, सांगतलं. तिथं नोट छापून छापून बिघडली. पण जळली कवा? लोकायनं घेणं बंद केलं तवा. इथं नोट पातळ झाली, मेली नाई. तुमी आज घेतली नाई त आज संध्याकाळी मरन. मंग तुमच्या घरच्या नोटायचं काय करान?"

शेळी विकली गेली. भाऊंनी नोटा घेतल्या आणि तिथंच फिरून त्याच नोटांची भाजी, मिरची, ज्वारी घेऊ लागले. पहिल्या बाईनं त्यांच्याकडून नोट घेतली, मग दुसरीनं. तासाभरात बाजार पूर्वीसारखा बोलू लागला. गोदाकाकूंना हे घरी कळलं तेव्हा त्यांनी जो आवाज काढला तो स्टेशनापर्यंत गेला असेल. "सरकारची नोट वाचवाले माही शेळी!" आठ दिवस त्या घरात चहा बिनदुधाचा झाला. भाऊ आमच्याकडे येऊन दुधाचा पीत आणि म्हणत, "खरं आहे बाई तिचं. सरकारनं काही शेळी देली नाई."

त्यांच्यावर जे संकट आलं ते मात्र जिनातून आलं. दर रविवारी मी जिनाच्या आवारात तिथल्या बायांना सही करायला शिकवत असे. कापूस वेचून साफ करणाऱ्या त्या बाया. चंद्रभागा नावाची त्यांची एक म्होरकी होती, उंच, करड्या आवाजाची. एका रविवारी भाऊ शेजारी कापूस पाहत होते, तेव्हा तिनं पाटी खाली ठेवली आणि त्यांनाच विचारलं, "जर्मनभाऊ, रोजी वाढवून मागतली त शेठ म्हणते, दोन आणे वाढवतो. वाढवून घेऊ का?"

"थांबा, पाहू द्या." ते बराच वेळ हातातला कापूस ताणत राहिले. मग म्हणाले, "दोन आणे घेतले त दिवाळीपर्यंत त्याचा एकच आणा राहीन. अर्धी रोजी ज्वारीत मागा. जुन्या भावानं. ज्वारी पातळ होत नाई."

दुसऱ्या दिवशी बायांनी तेच मागितलं आणि कामावर बसल्या नाहीत. ऐन हंगाम, गाड्यांची रांग. बायांना हे कुणी शिकवलं ते शेठजींना कळायला वेळ लागला नाही. आठवडाभरातच एका दुपारी ठाणेदार दोन शिपाई घेऊन तुळशीरामभाऊंच्या दारात. सरकारी नोटेविरुद्ध अफवा पसरवणं हा त्या काळात मोठा गुन्हा होता. त्यात या माणसाचं नाव जर्मन! गोदाकाकूंनी मला आणि आईला हाक मारून बोलावून घेतलं, "कोणी त साक्षीले असू द्या."

ट्रंक उघडली. शिपायानं तळातून दोऱ्यानं बांधलेली नोटांची चवड काढली. ठाणेदारांनी वरची नोट उजेडात धरली. "हे काय?"

"पाच कोटी साहेब. त्या टायमाले याच्यात एक अंडं येत नव्हतं."

ठाणेदार खुर्चीत बसले. "तुम्ही लोकांना सांगता, आपल्या सरकारच्या नोटेचं असं होणार?"

"नाई साहेब. असं होऊ नाई म्हणून मी माही शेळी विकली. बाजारात कोणालेही पुसा."

"आणि बायांना भडकवलं, ते?"

"भडकवलं नाई. त्याईनं विचारलं, मी सांगतलं. पारख करणं हेच माहं काम आहे. कापूस ओला आहे त मी ओला म्हणतो. रोजी ओली आहे, त कोरडी कशी म्हणू?"

आई माझा हात घट्ट धरून उभी होती. ठाणेदार त्या नोटा एकेक करून पाहत राहिले. हजार, लाख, पन्नास लाख, कोटी. मग शिपायांना त्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "इंगळे, आमच्यासारख्या पगारी माणसानं काय करायचं?"

"घरी आंगण असन त भाजी लावा साहेब," भाऊ म्हणाले. "अन् सरकारले लिहा, का आमाले महागाई भत्ता द्या. तुमी लिहान त गुन्हा नाई होणार."

कोटीच्या नोटा जप्त झाल्या आणि ताकीद मिळाली. एवढ्यावर निभावलं. शेठजींनी बायांना आठवड्याला ज्वारी जुन्या भावानं द्यायचं कबूल केलं, कारण गाड्या उभ्या होत्या. पण त्याच दिवशी त्यांनी तुळशीरामभाऊंना गादीपुढं बोलावून, उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं. वीस वर्षांची नोकरी होती. भाऊ घरी आले, पाय धुतले आणि गोदाकाकूंना म्हणाले, "बायायले ज्वारी भेटली." पुढचं त्यांनी जेवण झाल्यावर सांगितलं.

काकू यावेळी ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं, शेळीपेक्षा मोठा आवाज होईल. त्या भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "जानेफळले माह्या भावाची जमीन आहे. तो कवाचा बोलावून राह्यला." महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. निघायच्या दिवशी चंद्रभागा आणि आणखी सात-आठ बाया आल्या होत्या. कुणी शेंगा आणल्या, कुणी मिरची. एकीनं पायलीभर ज्वारी आणली. भाऊंनी त्यातले चार दाणे चिमटीत घेऊन दाबून पाहिले आणि म्हणाले, "कोरडी आहे." बाया हसल्या आणि लगेच रडल्याही.

त्यानंतर भेट राहिली ती पत्रांतून, तीही वर्षा-दोन वर्षांनी. लढाई संपली, विलायतचं राज्यही गेलं. आई गेली तेव्हा भाऊंचं एक पत्र आलं. वाकड्या अक्षरात एवढंच होतं: 'वहिनींच्या हाताची बटणं अजून पक्की आहेत.'

शाळेच्या कामानं एकदा मेहकरला गेले होते. काम लवकर उरकलं, म्हणून प्रवासी मोटारीनं जानेफळ गाठलं. भाऊ गावाबाहेरच्या मळ्यात भेटले. खूप वाकले होते. गोदाकाकूंनी मला पाहताच भाकरी थापायला घेतली. भाऊंनी माझा आवाज ऐकून ओळखलं. तेव्हा लक्षात आलं की त्यांचे डोळे जवळजवळ गेलेत. बोललो पुष्कळ. कापसाबद्दल नाही, नोटांबद्दल नाही. काकूंच्या गुडघ्याबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल, माझ्या शाळेतल्या मुलींबद्दल. मी लग्न का केलं नाही ते त्यांनी विचारलं आणि मी काही उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, "जाऊ द्या, तो तुमचा प्रश्न."

मोटारीपर्यंत पोचवायला ते आलेच. किती नको म्हटलं तरी. काठी टेकत, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्या वाटेनं खड्डे कुठे आहेत ते मलाच सांगत. मला मागच्या बाजूला जागा मिळाली. मोटार सुरू झाली तसे भाऊ पुढं झाले आणि पहिल्याच खिडकीकडे तोंड करून हात हलवू लागले. त्या खिडकीत एक अनोळखी म्हातारी बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. मी मागून हाक मारली, पण मोटारीच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नसावी. म्हातारीनं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं गाठोड्यावरचा हात उचलला आणि अगदी जवळच्या माणसाला करावा तसा, मोटार वळेपर्यंत, त्यांच्याकडे पाहून हलवत राहिली.